नळ वाहेना, पिल्लू पोहेना

एक होतं गाव. गाव म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर लहान. त्या गावात होती एक गल्ली. गल्लीच्या कोपऱ्यावर होता एक नळ. नळ सारखा गळायचा.

ठिप ठिप. ठिप ठिप.

नळाखाली होता खड्डा. खड्ड्यात बादलीभर पाणी. त्या पाण्यात राहायची टिंबी बेडकी. टिंबी केवढी? टिंबाएवढी. तिला होतं एक पिल्लू. ते तर तिच्याहून लहान! पिल्लाला पाय नव्हते. नुसती शेपटी. ते दिवसभर पोहायचं.

सुळुक सुळुक. सुळुक सुळुक.

एक दिवस काय झालं? नळ ठिप म्हणाला. पुढचं ठिप आलंच नाही.

टिंबीने वाट पाहिली. ऊन पडलं. ऊन वाढलं. बादलीभर पाणी तांब्याभर झालं. पिल्लाची शेपटी चिखलाला लागली. टिंबी घाबरली. पाणी नाही तर पिल्लू नाही, एवढं तिला कळत होतं.

"बाळा, तू इथेच थांब हं," टिंबी म्हणाली.

पिल्लू थांबलं. जाणार कुठे? पाय कुठे होते?

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टिंबी नळावर चढली.

"नळदादा, नळदादा, वाहा ना!"

"का गं टिंबी?"

"माझं पिल्लू पोहेना!"

नळ म्हणाला, "माझ्यापर्यंत पाणी येतच नाही. जुना पाइप गंजलाय ना! आधी जुना पाइप हलेल, मग मी वाहीन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टिंबी निघाली. रस्त्याला एक भेग होती. भेगेतून ती आत शिरली. खाली अंधार. अंधारात जुना पाइप पडलेला. खों खों, खों खों.

"पाइपआजोबा, पाइपआजोबा, हला ना!"

"का गं टिंबी?"

"नळ वाहेना,
माझं पिल्लू पोहेना!"

जुना पाइप म्हणाला, "खों खों! पोटात गंज, अंगाला भोकं. मलाही जायचंय गं. पण जागा रिकामी टाकून कसा जाऊ? आधी नवा पाइप शिरेल, मग मी हलेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टिंबी वर आली. खड्ड्यात डोकावली. तांब्याभर पाणी पेलाभर झालं होतं.

गल्लीच्या तोंडाशी नवा पाइप पडला होता. निळा निळा, गुळगुळीत. दिवाळीपासून तिथेच पडला होता. त्याच्यावर लोक गोधड्या वाळत घालत. एक शेळी त्याच्यावर चढून बसे.

"पाइपदादा, पाइपदादा, आत शिर ना!"

"का गं टिंबी?"

"जुना पाइप हलेना,
नळ वाहेना,
माझं पिल्लू पोहेना!"

नवा पाइप म्हणाला, "मी काय गांडूळ आहे, आपलं आपण मातीत शिरायला? आधी जेसीबी खणेल, मग मी शिरेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टिंबी जेसीबीकडे गेली. जेसीबी पिवळा पिवळा. त्याचा हात केवढा! त्या हाताला दात केवढे!

"जेसीबीदादा, जेसीबीदादा, खण ना!"

"का गं टिंबी?"

"नवा पाइप शिरेना,
जुना पाइप हलेना,
नळ वाहेना,
माझं पिल्लू पोहेना!"

जेसीबी म्हणाला, "खणलं असतं गं. पण मला हात आहे, डोकं नाही. डोकं काकांचं. आधी काका बसतील, मग मी खणेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टिंबी वाटेत खड्ड्यात डोकावली. पेलाभर पाणी वाटीभर झालं होतं. पिल्लू म्हणालं, सुळ... पुढचं 'उक' काही आलं नाही.

मेहबूबकाका जेसीबी चालवत. आत्ता ते चाकाच्या सावलीत बसून चहा पीत होते. फुर्र फुर्र.

"काका, काका, मशीनवर बसा ना!"

"का गं बेटा?"

"जेसीबी खणेना,
नवा पाइप शिरेना,
जुना पाइप हलेना,
नळ वाहेना,
माझं पिल्लू पोहेना!"

काका म्हणाले, "अरेरे! पण बेटा, नारळ फोडल्याशिवाय मी कुठल्याच कामाला हात लावत नाही. आजवर लावला नाही. आधी नारळ फुटेल, मग मी बसेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टिंबी देवळाच्या पायरीवर गेली. तिथे ताटात नारळ बसला होता. कपाळाला हळदीकुंकू. शेंडी ताठ. कधीचा तसाच बसला होता.

"नारळभाऊ, नारळभाऊ, फूट ना!"

"का गं टिंबी?"

"काका बसेनात,
जेसीबी खणेना,
नवा पाइप शिरेना,
जुना पाइप हलेना,
नळ वाहेना,
माझं पिल्लू पोहेना!"

नारळ म्हणाला, "मी असा कुणाच्याही हातून फुटत नाही! मला फोडायचा मान थोरल्या माणसाचा. गल्लीत थोरली कोण? गोदूआजी. आधी आजी उठेल, मग मी फुटेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टिंबी गोदूआजीकडे गेली. जाता जाता खड्ड्यात डोकावली. वाटीभर पाणी पळीभर झालं होतं.

गोदूआजी तिच्या ओट्यावर बसली होती. आता हा ओटा कुठे होता? अर्धा घरापाशी, अर्धा रस्त्यात. समोर दगडूअण्णांचा ओटा. तोही अर्धा घरापाशी, अर्धा रस्त्यात. ओटे काही चालत नाहीत. पण या गल्लीतले चालत. दर वर्षी एक वीत पुढे. आजीचा एक वीत आला, की अण्णांचाही एक वीत येई. मध्ये एवढीशी फट उरली होती. त्या फटीतून सायकल जाई. शेळी जाई. जेसीबी? छे!

"आजी, आजी, ऊठ ना!"

"का गं टिंबे?"

"नारळ फुटेना,
काका बसेनात,
जेसीबी खणेना,
नवा पाइप शिरेना,
जुना पाइप हलेना,
नळ वाहेना,
माझं पिल्लू पोहेना!"

आजी म्हणाली, "उठले असते गं बाई. पण मी नारळ फोडायचा, की मशीन आत येणार. मशीन आत आलं, की माझा ओटा जाणार. का म्हणून? समोरच्या दगडूला सांग. आधी दगडूचा ओटा निघेल, मग मी उठेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टिंबी रस्ता ओलांडून गेली. दगडूअण्णा त्यांच्या ओट्यावर बसले होते. हाताची घडी. तोंड फुगलेलं.

"अण्णा, अण्णा, ओटा काढा ना!"

"का गं टिंबी?"

"आजी उठेना,
नारळ फुटेना,
काका बसेनात,
जेसीबी खणेना,
नवा पाइप शिरेना,
जुना पाइप हलेना,
नळ वाहेना,
माझं पिल्लू पोहेना!"

अण्णा म्हणाले, "काढतो की! माझं काही म्हणणं नाही. पण आधी गोदूमावशीचा ओटा निघेल, मग माझा."

टुणुक टुणुक, टिंबी इकडे आली.

"आधी दगडूचा!" आजी म्हणाली.

टुणुक टुणुक, टिंबी तिकडे गेली.

"आधी मावशीचा!" अण्णा म्हणाले.

टुणुक इकडे. टुणुक तिकडे. टुणुक इकडे. टुणुक तिकडे. टिंबीला भोवळ आली. ती बरोबर मधे बसली. आणि तिला एक युक्ती सुचली.

"आधी कुणीच नको! दोघं एकदम फोडा. मी मोजते."

"चालेल," आजी म्हणाली. ती घरात गेली. मसाला कुटायचा लोखंडी बत्ता घेऊन आली.

"चालेल," अण्णा म्हणाले. ते घरात गेले. पहार घेऊन आले.

आजीने बत्ता उचलला. अण्णांनी पहार उचलली.

टिंबी म्हणाली, "एक, दोन, साडेमाडे... तीन!"

काय झालं?

काही नाही झालं. आजी अण्णांकडे बघत राहिली. अण्णा आजीकडे बघत राहिले. बत्ता वरच. पहार वरच.

"तू का नाही मारलीस रे?"

"तुम्ही का नाही मारलात?"

टिंबी मधून उठली. ती वळली. टुणुक. टुणुक. हळूहळू खड्ड्याकडे गेली.

आजी म्हणाली, "अगं टिंबे, म्हण की तुझं ते गाणं!"

टिंबी गाणं म्हणेना.

आजीला कसंतरीच वाटलं. ती ओट्यावरून उतरली. टिंबीच्या मागे मागे गेली. अण्णाही गेले. आजी कमरेत वाकली आणि खड्ड्यात बघितलं.

चमचाभर पाणी. त्यात ते पिल्लू. अर्धं पाण्यात, अर्धं चिखलात. शेपटी हलतही नव्हती.

"अगं माझ्या सोन्या!" आजी म्हणाली. तिला फार वाईट वाटलं. फार म्हणजे फारच. ती घरात गेली. घरात टँकरचं तांब्याभर पाणी उरलं होतं. आजीचं प्यायचं. ते तिने आणलं आणि खड्ड्यात ओतलं.

बुळबुळबुळ.

पिल्लाची शेपटी हलली. एकदाच. पण हलली.

आजी सरळ उभी राहिली. म्हणाली, "नारळाचा पहिला मान मला हवा ना? मग पहिला घावही माझाच!"

ओट्यापाशी जाऊन तिने बत्ता उचलला. कुणाकडे बघितलं नाही.

ठण्ण!

ओट्याचा दगड फुटला. मग अण्णा काय हाताची घडी घालून बसणार? त्यांना लाज वाटली. त्यांनी पहार घेतली.

खण्ण!

दोन्ही ओटे मागे गेले, जिथून निघाले होते तिथे.

मग काय झालं?

ओटे निघाले,
आजी उठली,
नारळ फुटला, फट्ट!
काका बसले, टुक!
जेसीबी खणायला लागला, घर्र घर्र घर्र!
नवा पाइप शिरला, सर्रर्र!
जुना पाइप हलला. "सुटलो गं बाई!" म्हणाला. खों खों करत गाडीत बसून गेला.

या कामाला काही दिवस लागले. गोष्टीत लगेच होतं, गल्लीत लगेच होत नाही. तोवर रोज सकाळी आजी खड्ड्यात तांब्या ओती. रोज संध्याकाळी अण्णा पेला ओतत. दोघं एकमेकांना विचारून ओतत.

मग एका सकाळी नळ म्हणाला, सूंऽऽऽ. मग म्हणाला, फुस्स. आणि मग?

धो धो धो धो!

सगळी गल्ली धावली. कळशा आल्या. बादल्या आल्या. शेळीही आली. मेहबूबकाकांनी नळ सोडून बघितला. नळ बंद करून बघितला. घट्ट बंद.

"बघा, नवं काम! एक थेंब गळत नाही!" काका म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टिंबीने वाजवल्या नाहीत.

"गळत नाही?" टिंबी म्हणाली. "मग माझ्या खड्ड्यात पाणी येणार कुठून?"

टाळ्या थांबल्या. काकांनी डोकं खाजवलं. अण्णांनी आजीकडे बघितलं. हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं!

गोदूआजी म्हणाली, "सरका बघू. पहिली कळशी माझी."

तिने नळाखाली कळशी धरली. पण कळशी लगेच भरतात का? नाही. आधी विसळतात! न विसळता भरली, तर आजीला पाणी गोड लागायचं नाही. आजीने कळशीत थोडं पाणी घेतलं. गरागरा फिरवलं. आणि टिंबीच्या खड्ड्यात ओतलं.

खळ्ळ!

मग अण्णांनी बादली विसळली. खळ्ळ! मेहबूबकाकांनी पाण्याची बाटली विसळली. खळ्ळ! मग गल्लीतल्या सगळ्यांनी आपापलं भांडं विसळलं. खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ!

थेंबभर झालं चमचाभर. चमचाभर झालं पळीभर. पळीभर झालं वाटीभर. वाटीभर झालं पेलाभर. पेलाभर झालं तांब्याभर. आणि तांब्याभर झालं बादलीभर!

पिल्लाने काय केलं? सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी आलं. पुन्हा कळशा विसळल्या. तिसऱ्या दिवशीही. त्या गल्लीत न विसळता कुणी भरतच नाही.

टिंबी आता कुणाकडे काही मागायला जात नाही. काठावर बसते. पिल्लाकडे बघते. परवा बघते तर काय! पिल्लाला इवले इवले पाय फुटलेले. पिल्लू काठावर चढलं. आईशेजारी बसलं. मग एकदम उडालं आणि थेट गोदूआजीच्या कळशीत पडलं.

बुडुक!

"मेल्या!" आजी म्हणाली. हसली. आणि कळशी पुन्हा विसळली.

सगळ्यांचं पाणी भरून झालं, आपली गोष्ट सांगून झाली. नळ बंद, डोळे बंद.