कबागेन्यीची थाप

माझी अक्कल आधीच सांगून टाकते. युगांडातल्या एका पावसाळी जंगलाच्या तोंडाशी भिंतीसारख्या उभ्या मुळांचं एक झाड आहे. आमचा वाटाड्या असीम्वे म्हणाला, "मुळावर थाप मारा आणि थांबा." मी शेजारणीचं दार वाजवावं तशा थापा मारल्या, "आहे का कुणी?" म्हणाले आणि सरळ आत निघाले. त्याने पिशवीला धरून मला मागे ओढलं आणि ही गोष्ट सांगितली.

इथल्या आज्यांच्या आज्यांनीही जिच्याबद्दल फक्त ऐकलं होतं, ती ही कबागेन्यी. झाडांच्या सालींची औषधं द्यायची. तिची पोर कुनिहिरा एकदा अळंबी वेचता वेचता जंगलात हरवली. गावाने हाका मारल्या. जंगल गप्प. मग पुरुषमंडळी पेटते टेंभे घेऊन आली. "झाडोरा पेटवू. चिंपांझी पळतील, वाट मोकळी होईल."

"आणि माझी पोर?"

पुरुषांनी टेंभे खाली केले नाहीत.

"टेंभे निम्मे जळेपर्यंत तरी थांबा," म्हणत ती याच झाडाच्या मुळाशी बसली आणि तळहातांनी थापा मारू लागली. दोन जड, एक हलकी. घरी नाचणी कांडताना तिच्या मुसळाचा ठेका हाच. मग थांबून कान द्यायची. पुन्हा थाप, पुन्हा थांबणं. तळहात सोलवटले. म्हातारा दीर तिला लाडाच्या नावाने म्हणाला, "अबवोली, बास कर गं आता."

तेवढ्यात दूर, खूप आत, एका चिंपांझीने दुसरं मूळ बडवलं. दोन जड, एक हलकी. मग अलीकडच्या झाडावरून तेच. मग आणखी अलीकडून. त्या दिवशी अख्खं जंगल नाचणी कांडत होतं, असं म्हणतात.

त्या आवाजामागोमाग पोर बाहेर आली आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आई, कधीची कांडतेयस! अजून पेज झाली नाही?"

टेंभे ओढ्यात विझले. मुळावर कबागेन्यीच्या हातांचे खळगे उमटले, ते अजून आहेत, असं म्हणतात. माझा हात काही त्यात मावला नाही, गुबगुबीत आहे.

आज पाहुण्यांची घरं गावातल्या बायका चालवतात आणि त्यांच्या पेजेची नाचणी त्याच ठेक्यात कांडतात. आत जाण्याआधी प्रत्येकाने कबागेन्यीच्या नावाने थाप मारायची आणि थांबायचं. चिंपांझींचं उत्तर जवळून आलं, तर त्या दिवशी त्या वाटेला जायचं नाही. घर त्यांचं आहे.

मग मीही शहाण्यासारखी थाप मारली. दोन जड, एक हलकी.

"असीम्वे, उत्तर का येत नाही? लांब गेलेत का? झोपलेत? की माझाच ठेका चुकला?"

"मॅडम," असीम्वे म्हणाला, "तुम्ही बोलताय."