उंच पाठीची टोपली

एका गावात एक बुरडीण राहत होती. सुपं, रोवळ्या, टोपल्या विणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा रानातून बांबू तोडून आणी, ती विणी. त्यांना चिमा नावाची पाच वर्षांची मुलगी होती. चिमा जन्मापासून अधू. मान धरत नसे, हातपाय ताठ. पण आईचा आवाज आला की अशी हसे, की बुरडिणीचा सगळा शीण जाई.

त्या गावची एक रीत होती. मूल जेवताना दार लावायचं, नाहीतर दृष्ट लागते. धडधाकट मुलांच्या आया घाईगर्दीत ही रीत विसरत. बुरडीण कधीच विसरली नाही, कारण चिमाचं जेवण कुणाला दिसूच नये असं तिला वाटे. एकेक घास जीवघेणा होता. ठसका लागे, डोळे पांढरे होत, अर्धं अन्न बाहेर येई. पातळ असलं तर सहज उतरेल म्हणून ती पेज आणखी पातळ करी आणि मुलीची मान मागे टाकून भरवी. तरी ठसका थांबेना.

गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी अंगारा सांगे, कुणी नवस. ज्यांनी चिमाला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं, तेच जास्त सांगत. इकडे पोरगी वाळत चालली होती. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "पोटात अन्नच जात नाही, तर माझं औषध काय करणार? अशानं ही पावसाळा काढायची नाही."

चार दिवसांनी, भर दुपारी, बुरडीण ओट्यावर विणत बसली असताना पलीकडच्या आळीतली साळीण आली.

"एक टोपली हवी. पाठ उंच, पुढून उघडी. आणि डाव्या अंगाला जरा जास्तच उंच."

"असली टोपली? काय ठेवणार तिच्यात?"

साळिणीने खाली पाहिलं. "असंच. घरात लागते."

बुरडिणीचे हात थांबले. अशी टोपली तिने आयुष्यात एकच विणली होती, चिमाला बसवायला. चिमाची मान उजवीकडे कलते, म्हणून ती उजव्या अंगाला उंच होती. पलीकडच्या आळीतही एका लावलेल्या दारामागे असंच मूल आहे, हे तिला कळलं.

गुपचूप टोपली विणून देता आली असती. आत चिमाची जेवायची वेळ झाली होती आणि दार लावलेलं होतं. बुरडीण घुटमळली. मग उठून तिने दार उघडलं आणि म्हणाली, "आत ये, ताई. टोपली कशी होते ते बघून घे."

टोपलीत बसलेली चिमा पाहून साळीण तिच्याजवळ जाऊन बसली. "माझा सात वर्षांचा आहे," ती म्हणाली. "अजून नुसता आढ्याकडे बघत पडून असतो."

बुरडीण चिमाला भरवू लागली. पहिल्याच घासाला ठसका लागला. साळीण पुढे सरकली.

"मान मागे नको टाकूस. मीपण तेच करायचे. हनुवटी छातीकडे वळव. पेज बोटावर ठरेल इतकी घट्ट कर. आणि एक गिळल्याशिवाय दुसरा घास देऊ नकोस."

बुरडिणीने पेजेत भात कुस्करून ती घट्ट केली आणि चिमाची हनुवटी खाली वळवून घास दिला. चिमाने गिळलं. मग दुसरा घास गेला, तिसरा गेला. सातवा घासही ठसक्याशिवाय उतरला, तेव्हा बुरडिणीला रडू आवरेना.

"तुला हे कुणी शिकवलं, ताई?"

"कुणी नाही. दोन वर्षं चुकत चुकत शिकले."

चिमाने तो पावसाळा काढला. ती चालू लागली नाही, बोलू लागली नाही. गोष्ट झाली म्हणून खोटं कशाला सांगू? पण तिने अंग धरलं. साळिणीचा मुलगा उंच पाठीच्या टोपलीत बसून पहिल्यांदाच रस्ता बघू लागला, आणि शेळ्या दिसल्या की खिदळू लागला. दोघी आया रोज दुपारी एकत्र भरवत, तेही दार उघडं ठेवून.

"अगं, दृष्ट लागेल पोरांना," शेजारीण म्हणाली.

"काकू, दार लावून भरवत होते तेव्हा पोरगी हातची चालली होती," बुरडीण म्हणाली. "आता दृष्ट लागायची ती लागू दे."

एके दुपारी ओढ्यापलीकडच्या वाडीतली एक बाई मूल पदराखाली झाकून दाराशी येऊन उभी राहिली. बुरडिणीने सरकून जागा केली आणि कोपऱ्यातली तिसरी टोपली पुढे ओढली. ती तिने आधीच विणून ठेवली होती. येणाऱ्या मुलाची मान कुठे कलते ते ठाऊक नव्हतं, म्हणून दोन्ही अंगांना उंच विणली होती.

तात्पर्य: ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणूनच ज्याला कळलंय, त्याने दार लावून बसू नये.