फिरत्या बंगल्याची चाकं

ही गोष्ट बाहेर कुठं सांगायची नाही, असं आईनं मला बजावून ठेवलंय. तांबळगडच्या राजेसाहेबांच्या फिरत्या बंगल्याला कुणी हसलेलं त्यांच्या माणसांना अजून खपत नाही म्हणे. तेव्हा हसू आलंच, तर तोंडावर पदर धरा!

तर झालं असं, की नागोजीराजांनी ड्रायव्हर केरबाला अंगणात बोलावलं आणि हुकूम सोडला, “केरबा, ह्या चाकांचा एक दिवससुद्धा वाया जाता कामा नये. आणि आमच्या बुडाखाली टायर फुटताही कामा नये! दिवस वाया घालवलास तर राजवाड्यातली खोली सोडायची. फुटलं तर थेट गडावरची कोठडी!”

बायको गेल्यापासून केरबा आणि त्याची लेक बायजा त्या खोलीत राहत. दुसरं घर नव्हतं त्यांना.

चाकं होती फिरत्या बंगल्याची. बंगला म्हणजे मोटारीच्या मागं जोडायचं लाकडी घरच. आत पलंग, खिडकीला मखमली पडदा, बाहेर पितळी कडी. महाराजांचा भारी जीव त्याच्यावर! पण तो हलायचा वर्षातून एकदा, खिंडीपलीकडच्या देवीच्या जत्रेला. एरवी अंगणात उन्हात उभा. रोज नोकर त्याच्या टायरांना खोबरेल चोळून चकचकीत करायचे.

केरबा हात जोडून म्हणाला, “सरकार, टायर म्हातारी झालीत. मुंबईहून नवी चाकं आलीच आहेत. तेवढी लावतो.”

“म्हातारी?” महाराज गरजले. “ही नक्षी बघ! बोट रुतेल इतकी खोल आहे!”

बायजा बापामागं उभी होती. तिला राहवलं नाही. “सरकार, वरची नक्षी चालून झिजते. हे टायर चाललंय कुठं? हे उभं राहून म्हातारं झालंय! कडेला बघा, टाचेला पडतात तशा भेगा आहेत.”

“भेगा आमच्याही टाचांना आहेत!” महाराज म्हणाले. “म्हणून काय आमचे पाय बदलायचे?”

“नको सरकार. तुमचे पाय चालता चालता फुटत नाहीत.”

केरबानं लेकीच्या दंडाला चिमटा काढला. महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. “फार बोलतेस. मग तूच सांग, ह्या टायरांचा शेवटचा दिवस कोणता?”

“सांगते की! पण आज नाही. त्या दिवशीच सांगेन.”

“आणि चुकलीस तर?”

“तर बाप-लेक बोचकं बांधून निघू.”

खोलीत शिरताच केरबा कपाळ धरून बसला. “अगं बये, टायर फुटायचा दिवस ब्रह्मदेवाला तरी ठाऊक असतो का?”

“नसतो ना, बाबा? मग त्याला विचारायचंच कशाला? फुटू दे की टायर हवं तेव्हा! फक्त महाराजांच्या खाली नको.” आणि ती उठून लोहाराकडं गेली.

जत्रेचा दिवस उजाडला. ताशा वाजला, महाराजांच्या डोक्यावर धरायची अब्दागीर उघडली. महाराज येऊन बघतात, तर बंगल्याला कोरी करकरीत चाकं! त्यांचे डोळे लाल झाले.

“केरबा! जुनी फेकून दिलीस?”

“फेकलेली नाहीत, सरकार,” मागून बायजाचा आवाज आला. “ती बघा!”

मागं पागेतल्या घोड्यांच्या वैरणीची बैलगाडी उभी होती. तिची लाकडी चाकं गेली होती. लोहारानं नवा लोखंडी आस घडवला होता आणि त्याला लावली होती महाराजांची जुनी चकचकीत चाकं! वर कडब्याचा डोंगर, पुढं गाडीवान हणमा मिशीला पीळ देत ऐटीत बसलेला, आणि त्याच्या बाजूला बायजा.

“त्यांचे दिवस उरलेत ना, सरकार? मग जगू दे त्यांना! एकही वाया जात नाही.”

ताशेवाला खुदकन हसला, तो महाराजांनी बरोबर हेरला. “वाजव रे!”

स्वारी निघाली. राजाची स्वारी वाजतगाजतच जायची, असा तांबळगडचा रिवाज. त्यामुळं मोटारही बैलांच्या चालीनंच चालायची. ऊन वाढलं, घाट लागला, डाव्या हाताला दरी आली. महाराजांनी पडदा सारून खाली पाहिलं आणि पटकन परत ओढला.

तेवढ्यात, फाट्ट!

स्वारीतले घोडे उधळले. महाराज पलंगावरून खाली आले. “आपलं गेलं का रे?”

“नाही सरकार, मागचं!”

मागं बैलगाडी एका कुशीवर कलली होती. कडब्याचा डोंगर रस्त्यावर पसरला होता. हणमा त्यात कमरेपर्यंत रुतून शिव्या घालत होता, आणि बैल निवांत मान वळवून कडबा खात होते! ढीग हलला. आधी एक वेणी वर आली, मग बायजा आली, केसांत कडबाच कडबा.

ती तशीच धावत बंगल्याच्या खिडकीशी गेली.

“सरकार, तुम्ही विचारलेला दिवस!”

“कोणता?”

“आजचा! एकही वाया गेला नाही, आणि तुमच्या बुडाखालीही फुटलं नाही!”

महाराजांनी फाटलेल्या टायराकडं पाहिलं. मग दरीकडं पाहिलं. मग कडब्याच्या ढिगाकडं. आणि ते असे हसू लागले, असे हसू लागले, की सगळा बंगला गदगदा हलला आणि केरबा धावत येऊन चाकांना दगड लावू लागला!

“पोरी, हरलो! ती खोली आता तुमचीच. उद्या आमच्या पणतवालाही ती काढून घेता यायची नाही. आणि बंगल्याची चाकं कधी बदलायची ते ह्यापुढं तू ठरवायचंस, आम्ही ऐकायचं. वर आणखी काय हवं, ते माग!”

“घरी जाताना पलंगावर मी बसणार.”

“आणि आम्ही?”

“हणमाची गाडी आहे की, सरकार! एक टायर अजून शाबूत आहे!”

महाराज पुन्हा पोट धरून हसले. परत निघताना बायजा खरंच मखमली पडद्याआड बसली, आणि महाराज मोटारीत केरबाच्या शेजारी. घाटाच्या वळणावर तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि राजाला पहिला हुकूम सोडला, की नागोजीराजे, जरा तुमची ती पगडी—

आईची हाक आली बघा! आले गं आई! आले, आले!