तुळाजीने सोडलेला दम

फार वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की तेव्हाच्या माडांपैकी एकही माड आज खाडीकाठी उभा नाही. खाडीच्या अल्याड तळेखार गाव, पल्याड मोरंबे. तळेखारात तुळाजी नावाचा गडी राहायचा. खाडीत बुडी मारून कालवं काढायची, हा त्याचा धंदा. असं म्हणतात, की त्याने बुडी मारली की काठावरच्या विहिरीवरची बाई घागर भरून घरी जायची, ती ओतून परत यायची, तेव्हा कुठे त्याचं डोकं वर दिसायचं. बाईचं घर किती लांब होतं ते कुणी सांगत नाही, आणि आपणही विचारू नये.

एवढ्या दमाचा माणूस हुतुतू खेळणार नाही तर काय करणार? तळेखारच्या सात गड्यांत तो होता. केरू, बुधाजी, सावळा, रघू, मानाजी आणि धाकटा भिकू हे बाकीचे सहा. तुळाजीला ना आई, ना बाप, ना बायको. हे सहा जण हेच त्याचं घर. आज याच्या चुलीपाशी जेवायचं, उद्या त्याच्या.

भात कापून झाला की मोकळ्या मळ्यांत खाडीकाठच्या गावांचे सामने लागायचे. एकदा हरलं ते गाव बाद. शेवटी जे उरेल, त्याच्या देवळावर वर्षभर मानाचं निशाण फडकायचं. नियम कडक होते. पहिल्या दिवशी ज्या सात जणांनी मळ्याच्या मातीला हात लावला, तेच सात शेवटपर्यंत. बदली गडी घ्यायचा नाही. खेळताना जो बाद होईल त्याने रेघेबाहेर ओळीत बसायचं आणि बसूनच राहायचं. सातही बाद झाले की समोरच्यांचं लोण चढायचं. मगच पंच ओरडायचा, "सगळे आत!" आणि बसलेले सातही जण कपडे झाडत पुन्हा खेळायला यायचे.

त्या साली तळेखारने पहिला सामना हसत खेळत जिंकला. आणि मग मानमोडीची साथ आली. घराघरात माणसं तापाने फणफणली. उचलायला चार खांदे मिळेनात. दुसऱ्या सामन्याला केरू आणि बुधाजी नव्हते. तिसऱ्याला सावळा, रघू आणि मानाजीही नव्हते. तुळाजी आणि भिकू दोघेच खेळले आणि जिंकले. साथीत कसले खेळ, असं तुम्ही म्हणाल. पण बाजार बंद, जत्रा बंद, लग्नं बंद. खेळ तेवढा उरला होता, तो कुणाला सोडवेना.

मग भिकूही अंथरुणाला लागला. तुळाजीच्या मांडीवर डोकं ठेवून त्याने विचारलं, "निशान आपलंच ना रं?"

तुळाजी म्हणाला, "आपलंच."

त्यानंतर भिकू काही बोलला नाही.

शेवटचा सामना मोरंब्याच्या मळ्यात होता. तुळाजी एकटाच होडी वल्हवत गेला. मोरंब्याचे सातही गडी वाचले होते. का वाचले, ते देवाला ठाऊक. त्यांचा म्होरक्या होता शिवराम. पंच होते म्हातारे आबाजी. ते म्हणाले, "तुळाजी, माघारी जा बाबा. एकटा कसा खेळशील?"

"मी हाय ना आत. बाकीचे बाद धरा, आबा."

आबाजींनी खूप विचार केला. मेलेला गडी बाद धरू नये, असा नियम कुठेच नव्हता. त्यांनी खेळ सुरू केला.

असं म्हणतात, की तसा हुतुतू खाडीने पुन्हा पाहिला नाही. तुळाजी चढाईला जायचा तेव्हा त्याचा "हुतुतूतू" तळेखारच्या उंबऱ्यांपर्यंत ऐकू यायचा. बगळे या काठावरून त्या काठावर जाऊन परत यायचे, तरी त्याचा दम तुटायचा नाही. मोरंब्याचे गडी चढाईला आले की तो हातातून मासा निसटावा तसा निसटायचा. एक, दोन, करता करता त्याने सहा जण बाद केले. आता आत शिवराम तेवढा उरला होता. सूर्य पाण्याला टेकत आला होता, आणि तो बुडाला की खेळ संपणार होता. शिवरामला हात लावला की लोण चढणार, निशाण तळेखारचं.

तुळाजी दम धरून त्याच्यासमोर उभा राहिला. हात पुढे केला. तेवढ्यात त्याची नजर रेघेबाहेर गेली. मोरंब्याचे सहा गडी ओळीत बसले होते, मांड्या थोपटत होते. लोण चढलं तरी त्यांचं काय जाणार होतं? ते पुन्हा आत येणार होते. मग तुळाजीने आपल्या बाजूला बघितलं. तिथे नुसती रेघ होती.

आणि तुळाजीने दम सोडला.

तो थकला, असं कुणी म्हणतं. मी नाही म्हणत. ज्याचा दम बगळ्यांना पुरून उरला, तो असा थकत नाही. तो शांतपणे चालत बाहेर आला, ओळीत सहा जणांची जागा सोडली आणि सातव्या जागेवर बसला. मोरंब्याचं लोण चढलं होतं. पण कुणी टाळी वाजवली नाही.

"आबा," तुळाजी म्हणाला, "सगळे बाद झालो. आता आत बोलवा ना."

आबाजींनी त्या सहा रिकाम्या जागांकडे बघितलं.

"नियम हाय, आबा. नावं घेऊन बोलवा."

आबाजींनी डोळे मिटले आणि हाक मारली, "केरू!" असं म्हणतात, की तेव्हा वारा पडला आणि ओहोटीचं पाणी जागच्या जागी थांबलं. कुणी हललं नाही. तुळाजी शेजारच्या जागेकडे बघत राहिला. मग मोरंब्याच्या ओळीतला पहिला गडी उठला, मळा ओलांडून आला आणि त्या जागी बसला. म्हणाला, "आलो."

"बुधाजी!" दुसरा उठला. "आलो." सावळा, रघू, मानाजी, भिकू. सहाही जागा भरल्या.

तुळाजीने प्रत्येकाचं तोंड नीट बघितलं. माणसं चांगली होती, पण ती दुसरी होती. त्याने मान खाली घातली. भरल्या ओळीत बसून तो त्या वेळी होता तितका एकटा माणूस मी दुसरा ऐकलेला नाही. "चला," तो म्हणाला, आणि सूर्य बुडेपर्यंत ते सात जण मिळून शिवरामसमोर खेळले. त्या खेळाचं लोण कुणी मोजलं नाही.

शिवरामने निशाण आणून त्याच्यापुढे धरलं. तुळाजीने ते घेतलं नाही. "हरलो की. भिकूला मीच सांगेन." एवढं बोलून तो होडीत बसला. असं म्हणतात, की जाताना ती होडी पाण्यात फार खोल बसली होती, सात माणसांची बसावी तितकी.

पुढे तो कधी खेळला नाही. कालवं काढायचा, एकटा रांधून खायचा. एके दिवशी बुडी मारली ती मारलीच. बायका घागरी घेऊन कितीतरी वेळ काठावर थांबल्या होत्या.

आजही त्या मळ्यात शेवटचा सामना होतो. खेळ सुरू व्हायच्या आधी तळेखारच्या बाजूची ओळ रिकामी ठेवतात आणि पंच नावं घेतो. केरूपासून भिकूपर्यंत प्रत्येक नावाला मोरंब्याचा एकेक गडी उठून "आलो" म्हणतो आणि जागेवर बसतो. मग पंच सातवं नाव घेतो. तुळाजीच्या जागी मात्र कुणी बसत नाही. त्या नावाला दोन्ही गावांची पोरंबाळं, बायका, म्हातारी माणसं, होती नव्हती ती सगळी उभी राहतात आणि एका दमात म्हणतात, "आलो."