आज डाग किती?

टेकडीवरच्या एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव महिपत. गावाच्या वरच्या अंगाला सूर्य बघायचं ऑफिस होतं, तिथं तो नुकताच कामाला लागला होता. रोज सकाळी दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडायचं आणि त्यावरचे काळे डाग मोजायचे. डाग वाढले, की सूर्याकडून वादळ येणार, रेडिओ खरखरणार, होकायंत्राची सुई थरथरणार. तसा अंदाज टेलिफोनवरून शहरात कळवायचा. सूर्य फिरला की डाग पलीकडे जायचे, सत्तावीस दिवसांनी परत दिसायचे.

महिपतचं लग्न काही जमत नव्हतं. यंदा खालच्या गावातल्या शेवंतीचं स्थळ आलं. मुलगी त्याच्या मनात भरली. तिचे वडील म्हणाले, "महिन्याने ऑफिसात येतो. साहेबांनी चांगलं सांगितलं, तर सुपारी फोडू."

आई म्हणाली, "बाळा, महिनाभर साहेब सांगतील तेच कर. तुझं डोकं लावू नको."

"बरं आई."

दुसऱ्या दिवशी महिपतने पाहिलं, तर बिंबावर डाग. त्याने फडक्याने पुसले. जाईनात. मग ओल्या फडक्याने घासले. कागद फाटला.

साहेब ओरडले, "अरे, डाग पुसायचे नसतात! मोजायचे आणि फळ्यावर लिहायचे!"

"बरं साहेब," महिपत म्हणाला आणि रुमालाला एक गाठ मारली.

पुढच्या आठवड्यात शहरातून मोठे साहेब आले. जेवताना रस्सा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. महिपत पेन्सिल घेऊन धावला. वाकून वाकून मोजलं. फळ्यावर लिहिलं: मोठ्या साहेबांवर सात डाग. सर्वांत मोठा पोटावर.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, डाग दिसला की गुपचूप पुसून टाकावा! कुणाला पत्ता लागू देऊ नये!"

"बरं साहेब." दुसरी गाठ.

मग एकदा साहेब तापाने पडले. शहरातून टेलिफोन आला, "आज डाग किती?"

महिपतने कागदावर पेन्सिलने टिपलेले बावीस डाग रबराने खोडले आणि म्हणाला, "डाग? कसले डाग? आमच्याकडे नसतात."

शहराने अंदाज दिला, सगळं शांत. दुसऱ्या दिवशी असं वादळ आलं, की रेडिओवरची भजनं बेडकासारखी डरांव डरांव करू लागली.

साहेब पांघरूण घेऊनच आले. "महिपत, डागांबद्दल कुणीही विचारलं तर लपवायचं नाही! काल किती, आज किती, पुढे काय होणार, सगळं खरं सांगायचं!"

"बरं साहेब." तिसरी गाठ.

महिना संपला. शेवंतीचे वडील आले. आईही येऊन कोपऱ्यात बसली. साहेब मनाने चांगले. म्हणाले, "पोरगा सोन्यासारखा आहे. खोटं बोलत नाही."

वडील खूश झाले. "ते दिसतंच आहे हो. तरी मुलीचा बाप म्हणून विचारतो. मुलावर काही डाग वगैरे?"

महिपत चहा घेऊन येत होता. त्याने कपबशा खाली ठेवल्या, रुमालाची तिसरी गाठ चाचपली आणि ताठ उभा राहिला.

"काल एकोणतीस होते. आज चौतीस."

"चौतीस?"

"लहान धरून. मोठे पाचच. ते आठवडाभरात पलीकडे जातील, म्हणजे दिसायचे नाहीत. पण सत्तावीस दिवसांनी फिरून तेच येतात. लग्नाच्या सुमाराला मोठं वादळ होणार, हे धरून चाला."

वडील उठले. चहा तसाच राहिला. चपला घालायचंही त्यांना सुचलं नाही, हातात घेऊनच टेकडी उतरले.

महिपत आईजवळ येऊन बसला. तोंडभर हसत म्हणाला, "आई, आज एकसुद्धा चूक झाली नाही."