वस्ताद पोचवायला येतात

“वस्ताद, पटलेलं माणूससुद्धा हलत का नाही?”

डॉ. उदयसिंह इंगवले तालमीच्या कट्ट्यावर टेकले आणि पाण्याचा घोटही न घेता त्यांनी हे विचारलं. चालण्यानं मधुमेह कसा लांब राहतो, यावर त्यांनी वीस वर्षं संशोधन केलेलं. विद्यापीठात त्यांचा शब्द प्रमाण. पण हिंदुराव वस्तादांपुढे ते अजून नुसते उदयच होते. इथल्याच कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती त्यांनी पोरवयात उकरली होती.

“कोण हलंना?”

“शैलजा. माझी बायको. मधुमेहानं चिघळलेली पायाची जखम आत्ता कुठं भरलीय. डॉक्टर म्हणाले, आता तरी चालत राहा, नाहीतर पुढच्या वेळी पाय वाचायचा नाही.”

एवढा मोठा माणूस, पण पार घाबरला होता.

“तू काय सांगितलंस तिला?”

“सांगायचं काय बाकी ठेवलंय? आकडे दाखवले, आलेख दाखवले. पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं. पटतं तिला, पण उठायचं नाव नाही!”

“आन तू? चालतोस?”

“पहाटे पाच किलोमीटर. एक दिवस चुकवत नाही.”

“तिला घिऊन?”

“ती फार हळू चालते, वस्ताद. माझा व्यायामच होत नाही…”

वस्ताद गप्प बसले.

बराच वेळ गेला… इंगवल्यांना रागच आला. एवढ्या लांबून काय हे मौन ऐकायला आलो? ते निघायला उठले.

तशी खांबाला धरून वस्तादही उठले. वय चौऱ्यांशी, आणि गुडघे कधीच कामातून गेलेले. “चल, फाटकापतूर पोचवतो. पाव्हण्याला पोचवायचं, ही तालमीची रीत हाय.”

त्यांनी इंगवल्यांचा दंड धरला. दहा पावलं चालायचं, थांबायचं. कुणाची कुस्ती कशी गाजली, कोण गेलं, कुणाला नातू झाला, असं बोलत बोलत फाटक आलं. इंगवले पाया पडायला वाकले.

“आन आता मला कोण पोचवणार?”

खरंच की. त्यांनी म्हाताऱ्याला कट्ट्यापर्यंत आणून सोडलं. तर वस्ताद पुन्हा उठले.

“पाव्हणं, तुम्हांस्नी पोचवतो की.”

असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला इंगवल्यांना हसू आवरेना. ऊन कधी उतरलं, त्यांना कळलंही नाही.

मग त्यांच्यातला डॉक्टर जागा झाला. वस्तादांचा श्वास संथ होता. दंडावरची पकड सैल झाली होती.

“वस्ताद… डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगितलंय ना?”

“वरीस झालं.”

“मग रोज चालता?”

“न्हाई बा,” वस्ताद म्हणाले. “आज तू आलास म्हणून.”