चांगुणेची बिनधुराची बाज

फार वर्षांपूर्वी, खाडीकाठचं उंबरखार अवघं तीस उंबऱ्यांचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. ऐका, आणि ऐकताना पाय झाकून बसा, कारण गोष्ट डासांची आहे.

उंबरखारच्या एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला खारं पाणी आणि मध्ये मातीचा बांध. खेकडे त्या बांधाला भोकं पाडत. भोक वेळेत बुजवलं नाही तर उधाणाचं पाणी आत येई, आणि एकदा खारं पाणी शिरलं की तीन वर्षं त्या शेतात भाताचं नाव नको. म्हणून भादवा लागला की माणसं तिन्हीसांजेला बांधावर राखणीला बसत. पण डास असे, की असं म्हणतात, उंबरखारात जांभई देताना तोंडावर हात धरत तो शिष्टाचार म्हणून नव्हे, घास भरू नये म्हणून.

एका वर्षी राखणदार एकेक करून थंडीतापाने आडवे झाले. चांगुणेचा एकुलता एक मुलगा जोमाही अंथरुणाला खिळला. बांधावर बसायला कुणी धजेना, आणि पुनवेचं मोठं उधाण पंधरा दिवसांवर आलेलं.

उपाय मात्र घरोघरी होते. कुणी कडुनिंब जाळी, कुणी शेणी, कुणी नारळाची सोडणं, तर हाशा पाटील बाजारातून आणलेली कसलीशी भुकटी. सगळं एकदम पेटवायचे, आणि एखाद्या दिवशी डास कमी वाटले की जो तो म्हणे, माझाच धूर लागू पडला. त्या दिवशी वारा सुटला होता, हे कुणीच बोलत नसे.

चांगुणा अंगाने काटक, तोंडाने फटकळ. तिला एका शब्दाचा भारी राग होता. कुणी म्हणालं, "मोप मासळी लागली," की ही विचारी, "मोप म्हंजे किती?" तिला पाहून लोक वाट बदलत. खरं सांगायचं तर मीही वाट बदलली असती. पण अशा माणसावाचून गाव तरत नाही.

तिने बांधावर दोन बाजा टाकल्या, वीस पावलं दूर. एकीच्या वाऱ्याकडच्या बाजूला धुराचं मडकं, दुसरीजवळ काहीच नाही. दोन्ही बाजांवर एकेक माणूस, पाय गुडघ्यापर्यंत उघडे. डास चावला की एक शिंपली टोपलीत टाकायची. रोज धूर एकच, नवा. धुराच्या बाजेवर शेजारची पदी बसली. दुसऱ्या बाजेवर बसायला कोण येणार? तिथे चांगुणा स्वतः बसली.

हाशा पाटील हसला. "बिनधुराचं बसून काय समजनार? मच्छर चावतान, ह्ये पोरासोरांना ठावं हाय."

"किती चावतान, ठावं हाय?" चांगुणा म्हणाली. "हिकडं कुनी बसल्याबिगर तिकडच्या धुराचा गुन कसा समजनार?"

पाटलाच्या भुकटीच्या दिवशी दोन्ही टोपल्या सारख्याच भरल्या. पाटलाने तिच्याशी बोलणं टाकलं. कडुनिंबाने शिंपल्या थोड्या कमी झाल्या. शेणीने डोळे चुरचुरले, डास तसेच. मग पदीने पेटत्या सोडणांवर निरगुडीचा ओला पाला टाकला. त्या दिवशी चांगुणेच्या टोपलीत ऐंशी शिंपल्या पडल्या आणि पदीच्या टोपलीत अकरा. बायका नाचायला लागल्या.

"येक दिस म्हंजे वारा बी असंल," चांगुणा म्हणाली. "तीन दिस मोजायचं."

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी तिलाच थंडीतापाने गाठलं. दातावर दात वाजत होते, आणि तिने एकच धोशा लावला होता, "माझी बाज रिकामी ऱ्हायली तर समदं फुकट."

हे पाटलाच्या कानावर गेलं. त्याने धोतर गुडघ्यावर खोचलं आणि गावादेखत तो बिनधुराच्या बाजेवर जाऊन बसला. असं म्हणतात, त्या संध्याकाळी खाडीपलीकडचे डाससुद्धा पाटील चाखायला आले. पाय सुजून टम्म झाले, तरी तो उठला नाही. दिवेलागणीनंतर टोपल्या घेऊन चांगुणेच्या उशाशी आला आणि म्हणाला, "चांगुणा, मोप चावली गो."

डोळे न उघडताच ती म्हणाली, "मोप म्हंजे किती?"

पाटलाला रडू फुटलं. त्याने टोपली उपडी केली आणि नाक ओढत एकेक शिंपली मोजली. एकशे चार. पदीच्या तेरा.

"आता पेटवा," चांगुणा म्हणाली.

बांधावर दहा-दहा पावलांवर निरगुडीची मडकी मांडली गेली. माणसं पुन्हा राखणीला बसली. एकेक भोक हुडकून बुजवलं. पुनवेचं उधाण आलं, बांधाच्या माथ्याला जीभ लावून परत गेलं. असं म्हणतात, त्या वेळी धुरातून एक बाई भोकं मोजत बांधावरून चालताना सगळ्यांनी पाहिली, आणि चांगुणा तर घरी अंथरुणात होती.

ती त्या तापातून उठली का, यावर गावात दोन मतं आहेत. काही म्हणतात, त्याच पहाटे गेली. जोमाच्या घरचे म्हणतात, उठली, म्हातारी झाली आणि मरेपर्यंत लोकांचं डोकं खात राहिली. मी जोमाच्या घरच्यांचं खरं मानतो. माझा जीव जडलाय तिच्यावर, दुसरं कारण नाही.

आजही भादव्याच्या पुनवेला उंबरखारच्या बांधावर दोन बाजा टाकतात. मडकी पेटवण्याआधी गावातला सगळ्यात मोठा माणूस, पाटील असो की सरपंच, पाय उघडे टाकून चांगुणेच्या बाजेवर बसतो. तो उठला की बायका गराडा घालून विचारतात, "किती?" त्याने आकडा सांगायचा असतो. "मोप" म्हणाला, तर दंडाला धरून त्याला पुन्हा बाजेवर बसवतात.